साहेबांची साखर

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. आल्याबरोबर काय केलं, तर खोलीचं दार ओढून घेतलं आणि चपलाही न काढता पलंगावर पसरले. माझी स्वतःची खोली! दादाकडे हॉलमधल्या सोफ्यावर झोपून झोपून पाठीला बाक आला होता. वहिनी स्वभावाने वाईट नाही, पण उजाडायच्या आत मिक्सर लावण्यात तिला कसला आनंद मिळतो देव जाणे. त्याआधी सासूबाई. त्यांची आजारपणं काढता काढता माझं अर्धं आयुष्य गेलं आणि त्या गेल्यावर कळलं, की घर दिरांच्या नावावर आहे. असो. नवी रोजनिशी रडगाण्याने सुरू करायची नाही असं ठरवून बसलेय.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, लांबट स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी. गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं. खाली बॅगा दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या शिलाई मशीनची घरघर वर ऐकू येते आणि ती मला आवडली. मालकीणबाई इथे एकट्याच राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. हल्ली सारख्या चक्कर येऊन पडतात, दोन महिन्यांपूर्वी मनगट मोडून घेतलं. सगळ्या तपासण्या झाल्या, कुणाला काही सापडलं नाही. म्हणून मुलगी त्यांना आपल्याकडे दुसऱ्या गावी नेतेय. जावयाला मांजराच्या केसांनी दम लागतो, त्यामुळे मांजर इथेच राहणार, आणि मांजरासाठी मी.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून लोळला. म्हणाला, माणसांची सेवा करून झाली, आता तुला बढती मिळाली. हसू दे. मांजर उशापाशी घंटी वाजवत नाही की दिराकडे तक्रारी करत नाही. मला झोप हवी आहे, बाकी काही नको.

४ मार्च, मंगळवार

मांजराचं नाव साहेब. नाव ठेवणाऱ्याला मानलं. राखाडी बोका, अंगाने भारदस्त, एक कान मुडपलेला, आणि बघतो असा की आपणच काहीतरी सही घ्यायला त्याच्या टेबलाशी उभे आहोत. साहेबांना मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचं, त्याआधी कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब काढायचा आणि मीटरच्या पट्टीला लावायचा. आकडा बघून डोस. मला यात काही नवीन नाही. सासूबाईंचं हेच होतं, फक्त त्या कान देत नसत.

बाईंनी सगळं दाखवलं. बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून हलकेच फिरवायची. मानेमागची कातडी चिमटीत उचलली की खाली खळगा होतो, सुई तिथे जाते. माणसांच्या सिरिंजा वेगळ्या, याच्या वेगळ्या, त्यांची गल्लत करायची नाही. आणि एक गोष्ट त्यांनी तीनतीनदा बजावली. आधी तुम्ही पोटभर जेवायचं, मग साहेबांना वाढायचं, त्यांनी खाल्लं की मग सुई. उपाशीपोटी त्याला सुई द्यायची नाही हे कळलं, पण माझ्या पोटाची काळजी कशाला? मी म्हटलंसुद्धा, अहो मला आधी जेवायला सांगणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळची सुई माझ्याकडून देववली. साहेब निवांत होते. सुई निघाली आणि त्यांनी शांतपणे मान वळवून माझ्या अंगठ्याखाली दात रोवले. चांगले खोल. मग जीभ लावून रक्त चाटत बसले. मी हात ओढायला गेले तर बाई म्हणाल्या, राहू दे, राहू दे, चाटू दे त्याला. तो थांबला तशा त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, झालं, आता जमेल तुमचं. डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांचं मांजर सोडून जायचं म्हणजे जिवावर येणारच.

७ मार्च, शुक्रवार

बाई गेल्या. मुलगी न्यायला आली होती. चटपटीत आहे, मला काकू म्हणते. जिन्यात आईला धरायला ती पुढे झाली तर बाई कठडाही न धरता तरातरा उतरल्या. मुलगी बघतच राहिली. खाली गाडीत बसताना बाईंनी वर पाहिलं नाही. मी गॅलरीतून हात हलवत होते, साहेब शेजारी बसून ऊन खात होते.

आता घर माझं आणि साहेबांचं. दुपारी दोन तास झोपले.

११ मार्च, मंगळवार

साहेबांची साखर म्हणजे एक भानगडच आहे. तेच खाणं, तोच डोस, तीच वेळ, आणि एक दिवस आकडा चारशेच्या घरात, दुसऱ्या दिवशी नव्वद. नव्वदला सुई दिली तर मेलेच साहेब, आणि नाही दिली तर संध्याकाळी पुन्हा चारशे. काल पाणी पिऊन पिऊन पातेलं रिकामं केलं, तीनदा खोक्यातली माती बदलली. आज सकाळी मात्र मागचे पाय लटपटत होते. सासूबाई खोटं बोलून साखर खायच्या, निदान कारण तरी कळायचं. हे बिचारे खोटं बोलत नाहीत.

डॉक्टरांकडे टोपलीत घालून नेलं. जनावरांचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात इतकं हळू की रोग्याला ऐकू जाऊ नये असं वाटावं. म्हणाले, मांजरांचं असं होतं. नुसतं घाबरलं तरी साखर चढते, आणि फार उतरली तर शरीर स्वतःच ती वर ढकलतं. डोस अर्धा युनिट वाढवून बघू. आणि एक दिवस दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढा, म्हणजे ती कधी कुठे जाते ते दिसेल.

मी घरात शिस्त आणायची ठरवलीय. पहिलं म्हणजे सकाळी ठरल्या वेळेला आधी साहेबांचं खाणं आणि सुई. मला सकाळी सकाळी घास उतरत नाही. बाईंचा तो नियम पाहुणचार म्हणून छान होता, पण रोगी आधी आणि आपण मागून हे मी इतकी वर्षं करत आलेय, ते आता बदलणार नाही.

१५ मार्च, शनिवार

थकवा जात नाही. गंमत बघा, झोपायला खोली मिळाली, झोपही लागते, आणि उठते ती आदल्या दिवसापेक्षा दमलेली. दहा-अकराच्या सुमाराला हातपाय गळतात, अंगाला दरदरून घाम येतो. काल कपबशी हातातून सुटली. वय झालं म्हणायचं. किंवा इतक्या वर्षांचा शीण आता बाहेर पडतोय, बसायला जागा मिळाली म्हणून.

साहेब दुपारी माझ्या पोटाशी येऊन झोपतात. जडशीळ. त्यांना उठवून आपण उठावं असं वाटत नाही. संध्याकाळ कशी होते कळत नाही, की पुन्हा पट्टी, थेंब, आकडा, बाटली, सुई.

१८ मार्च, मंगळवार

आज आलेखाचा दिवस होता.

सकाळपासून माझं पोट बिघडलेलं. नुसतं गरम पाणी घेतलं. साहेबांनी मात्र वाटी चाटूनपुसून साफ केली, मग सुई दिली. नऊला साखर ठीक. अकराला एकदम खाली. एकच्या सुमाराला ते उठले, दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडले. डोळे उघडे, पाय ताठ. मीटर म्हणालं एकेचाळीस. मी मध आणला, बोटाने हिरड्यांना चोळला, एकदा, दोनदा, पाव बाटली संपवली. काही होईना. आकडा अडतीस. माझ्याही डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. दोघं एकदमच जातो की काय, आणि मागे रडायला खाली बॅगांवाला तेवढा, असा विचार आला. फरशीवर बसल्या बसल्या मी बोटं चाटली, मग बाटलीच तोंडाला लावली.

पाच मिनिटांत मला बरं वाटलं. आणि साहेब उठून बसले. एकशेदहा.

जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, छान केलंत, मध लागू पडायला कधी कधी वेळ लागतो.

१९ मार्च, बुधवार

बाईंच्या मुलीला फोन करून कालचं सगळं सांगितलं. तिच्याकडे मजेत चाललंय. आईची चक्कर गेली ती गेलीच, म्हणाली. दोन जिने चढते, नातवाच्या वाढदिवसाचा केक दोनदा मागून खाल्ला, डॉक्टर थक्क झालेत. मला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर रागच आला. इथे माझ्या नाकी नऊ आलेत आणि तिकडे केक.

मग मी बोलून गेले. म्हटलं, किती दिवस असं ओढायचं त्याला? म्हातारा झालाय, कान टोचून टोचून चाळण झालीय, काल माझ्या डोळ्यांदेखत तडफडला. सुखाने जाऊ दिलं तर मी तरी नको म्हणणार नाही.

ती म्हणाली, काकू, हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी थांबले होते हो. आईला मी समजावते.

फोन ठेवला तेव्हा साहेब माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना मी आवडते हे मला ठाऊक आहे, आणि मलाही, आता काय सांगू, मलाही ते आवडतात.

२२ मार्च, शनिवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी कंटाळून, वैतागून मी क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा एकटीने संपवला, वर दोन कप गोड चहा. साहेबांनी सकाळपासून वाटीला तोंड लावलं नव्हतं. पोट रिकामं. म्हटलं आता साखर तळाला गेली असणार.

चारशेसाठ.

उपाशी मांजराची साखर चारशेसाठ कशी होईल? पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावली. चारशेअठ्ठावन्न. आणि मला सारखी तहान लागत होती. आम्ही दोघं शेजारी शेजारी पाणी पीत होतो, मी पेल्यातून, ते पातेल्यातून.

२४ मार्च, सोमवार

डोक्यात आलं ते खुळचटपणाचं आहे, पण आलं ते गेलं नाही. म्हणून करून बघितलं.

साहेबांना बाहेरच्या खोलीत ठेवलं, खाणं उचललं, दार लावलं. साखर एकशेसाठ. मी स्वयंपाकघरात बसून चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले. थोड्या वेळाने जाऊन मोजली. दोनशेतीस. आणखी थोड्या वेळाने दोनशेनव्वद. दार बंद होतं. वाटी माझ्यासमोर ओट्यावर होती.

मग त्याच मीटरवर माझं बोट टोचलं. दोनशेनव्वद.

पुन्हा त्याचा कान. पुन्हा माझं बोट. तोच आकडा, एकानेही इकडेतिकडे नाही. मी वेड्यासारखी टोचत राहिले. त्याची साखर लहरी नाहीच. मी जेवते तेव्हा ती चढते. मी उपाशी राहते तेव्हा पडते. आणि त्याला सुई दिली की माझे हातपाय गळतात.

आधी तुम्ही पोटभर जेवायचं. बाईंना ठाऊक होतं.

२५ मार्च, मंगळवार

बाईंचाच फोन आला. आवाज दबका, मुलगी दुकानात गेली म्हणून करतेय म्हणाल्या. पहिला प्रश्न, तुम्ही आधी जेवता ना? मी म्हटलं, तुम्ही मला हे काय दिलंत? त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, मलाही कुणीतरी दिलंच होतं हो. तो चावला की झालं. मी दमले होते, फार दमले होते, पडून पडून मरायची पाळी आली होती.

मी म्हटलं, मी आत्ता सामान उचलून दादाकडे जाते. त्या म्हणाल्या, लांब गेल्याने सुटत नाही, मी गेले होते एकदा. दुसऱ्याला चावायला हवा, आणि तो कुणालाही चावत नाही, तुमच्याआधी चौघीजणी काम बघायला येऊन गेल्या, त्यांना त्याने हुंगलंसुद्धा नाही.

विचारू नये ते विचारलं. तो मेला तर?

त्या म्हणाल्या, मला नाही ठाऊक. मी त्याला घेतला तेव्हाही तो म्हाताराच होता. तो कधी मेलाच नाही.

२६ मार्च, बुधवार

आधी मी जेवले. मग तो. मग सुई. दिवसभर आकडा दीडशेच्या आसपास, एका रेषेत. घाम नाही, थरथर नाही. इतकं सोपं होतं.

आता हे असंच. रोज, दोन वेळा, आजारी पडायचं नाही, घास चुकवायचा नाही, झोपून राहायचं नाही. सासूबाईंना निदान एक दिवस तरी दिराकडे पाठवता यायचं. हिशेब असा, की मी आता कधीच दमून चालणार नाही, आणि मी तर आधीच दमलेय.

दुसऱ्या कुणाला द्यावं का? बसून विचार केला. क्षणभर वहिनी डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला बोलू. पण नको. नाही होणार माझ्याने. साहेब मांडीवर होते. त्यांना म्हटलं, चला, आपलं आपण बघू.

२८ मार्च, शुक्रवार

मुलीचा मेसेज. आईशी बोलले नाही, तिला त्रास नको. पण मी आणि डॉक्टरांनी ठरवलंय. पुढच्या शनिवारी मी येते, डॉक्टर घरी येतील, साहेबांना शांतपणे जाऊ देऊ. काकू, तुम्ही खूप केलंत, आता विश्रांती घ्या.

हे मीच म्हटलं होतं. माझ्याच तोंडाने.

लगेच फोन केला. म्हटलं, आता तो बरा आहे, आकडे बघा, एका रेषेत आहेत. ती म्हणाली, असं मधूनमधून बरं दिसतं, मग पुन्हा तडफडतो, तुम्हीच सांगितलंत ना. तुमचा जीव जडलाय, मी समजू शकते.

२९ मार्च, शनिवार

सांगितलं तिला. सगळं. दात, रक्त, साखर, तिच्या आईची चक्कर. ऐकून घेतलं तिने. मग अगदी गोड आवाजात विचारलं, काकू, तुम्ही नीट जेवताय ना?

तासाभराने दादाचा फोन. तिने त्याला कळवलं होतं. म्हणाला, अगं, तू फार वर्षं राबलीस, डोकं शिणलंय तुझं, हे आटपलं की ये घरी, सोफा तुझाच आहे.

बाईंचा फोन लागत नाही. मुलीने काढून घेतला असेल.

१ एप्रिल, मंगळवार

भीतीने घास उतरत नाही. घास उतरला नाही की साखर पडते. पडली की भीती वाढते, आणि मग साखर नुसतीच चढत जाते. तीनशे. सत्तर. चारशे. कुणाची ते आता लिहीत नाही. दोघांची.

सारखी मोजते. मोजल्याशिवाय राहवत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

निघाले होते. टोपलीत साहेब, पिशवीत औषध. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. घाईत सुई दिली आणि खायची विसरले. मी! मी विसरले. जिन्यात अंधारी आली, खालच्या आठ-दहा पायऱ्या गडगडत गेले. बॅगांवाल्याने आरडाओरडा केला, तोंडात साखर घातली, चौघांनी उचलून वर आणलं. घोटा सुजून भोपळा झालाय, जमिनीला टेकवत नाही. त्यानेच मुलीला फोन केला, फ्रिजवर नंबर लिहिलेला होता.

ती उद्याच येतेय. एक दिवस आधी.

टोपलीत त्याला काही लागलं नाही. माझ्या घोट्याशी येऊन बसलाय.

४ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

पट्ट्या संपल्या. डबा उलटा केला, आपटला. एकही नाही. एक जरी असती तर डॉक्टरांसमोर त्याचा कान आणि माझं बोट — दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले असते. माणूस शिकलेला आहे, आकडा तरी मानला असता. मीच भीतीपायी सगळ्या उडवल्या.

मुलगी आली. स्वयंपाकघरात चहा करतेय. माझ्या कपाळाला हात लावून गेली. आई मजेत आहे म्हणाली.

दुपार

डॉक्टर आलेत. मी ओरडले, हो, ओरडले. ते पलंगाशी येऊन बसले. म्हटलं, मीटर काढा, माझं रक्त बघा, त्याचं बघा. म्हणाले, मीटर दवाखान्यात आहे. म्हटलं, मग जाऊन आणा, मी पाया पडते. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, काकू, आता पुरे ना. आणि तिला रडू आलं. वाईट नाहीत दोघं. हेच तर — कुणावर धावून जायला वाईट माणूस नाही इथे.

डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळणार नाही. आधी एक सुई, झोपेची. गाढ झोपला की मग दुसरी.

साहेबांना उचललं. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चाव, चाव म्हटलं मी, चाव तिला, देवा मला क्षमा — नाही चावला. एका मोठ्या रुमालात गुंडाळून नेलं.

दार लोटून घेतलंय, मला दिसू नये म्हणून. उतरायचा प्रयत्न केला. पाय टाकला आणि कळ डोक्यापर्यंत. पडले. पुन्हा वर चढले. वही तेवढी हाताशी

बाहेर हळू बोलतायत. मुलगी म्हणतेय, शूर आहे माझा साहेब.

मानेमागे टोचलं. इथे. माझ्या. हात लावून बघितला, काही नाही, नुसतं गार लागतंय.

हाका मारल्या. आवाज निघतो, पण जिभेला जड — मुलगी दाराबाहेरून म्हणाली, झालंच काकू, झोपतोय बघा कसा.

झोप येतेय.

नको यायला. डोळे मिटू नयेत म्हणून लिहितेय, लिहीत राहिले तर — पण काय सांगू, इतकी गोड झोप — सासूबाई गेल्या त्या दिवशीही अशी नाही आली. पाय दुखत नाही. काहीच दुखत नाही. किती वर्षं मी हीच झोप मागत

नाही. जागी राहा. जागी राहा गं बाई. तो झोपला तर दुसरी सुई

मशीन बंद झालं खालचं

उजव्या मनगटावर गार बोळा फिरवतंय कुणीतरी. ओला. हात माझ्याजवळच आहे, वहीवर, मला दिसतोय, कुणी नाहीये. हळू हातांनी धरलंय. डॉक्टर काहीतरी म्हणतायत, इथून ऐकू यायला नको इतकं हळू, आणि मला अगदी कानाशी

म्हणतायत, शहाणा आहे, आता फक्त एकदाच टो